बिनखांबाची सावली

माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी चांद्याला माझ्याकडे आली तेव्हा तिला सातवा महिना होता. आम्ही तिला बाई म्हणायचो. तिचं सासर गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातलं. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की ते गाव आठ-आठ दिवस तुटून पडायचं. तिची आधीची दोन्ही मुलं तिथंच, सुईणीच्या हातात, जन्मल्याबरोबर गेली होती. म्हणून या वेळी तिच्या नवऱ्यानं आधीच तिला बैलबंडीनं आणि पुढे मोटारीनं माझ्या खोलीवर आणून सोडलं, आणि बाळंतपण शहरातल्या दवाखान्यातच करायचं असं आम्हा दोघांकडून कबूल करून घेऊन तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखाना दाखवायला नेलं. बाळंतिणींचा वॉर्ड नवा होता, सिमेंट-काँक्रीटच्या छताचा. बाई दारात आली, वर पाहिलं आणि तिथंच थांबली. आत खाटा होत्या, स्वच्छ चादरी होत्या, पण तिचं लक्ष छतावरून हलेना.

"येले आडं कुठी हाय?" तिनं मला हळूच विचारलं.

आढं नाही, वासे नाहीत, मधे एक खांब नाही, असं छत तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हा स्लॅब असतो, याला लागत नाही. ती आत गेली नाही. घरी आल्यावर म्हणाली, मी तिथी नाई निजणार, मले गावाले नेऊन दे. मी समजावलं, रागावलो, ती ऐकेना. आधीची दोन मुलं माझ्याही डोळ्यांपुढे होती. ती गावाला परत गेली तर काय होईल, या धास्तीनं माझं जेवणावरून मन उडालं होतं.

मी तेव्हा एका निवृत्त इंजिनिअरच्या खाजगी कचेरीत ट्रेसर होतो. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे आणि मी तो मेणकापडासारख्या पातळ कापडावर शाईनं उतरवून घ्यायचो. मग ते कापड चौकटीत घालून उन्हात ठेवायचं आणि त्याखालच्या कागदावर निळी प्रत काढायची. काम बारकाईचं होतं आणि मला आवडत होतं. नागपूरच्या ड्राफ्ट्समनच्या वर्गासाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. साहेब म्हणाले होते, तिथं तुला विचारतील की इमारती कोणत्या पाहिल्यास, आणि तू रेघांशिवाय काही पाहिलेलं नाहीस. एक दिवस गावातून नीट फिरून ये.

सोबत येऊन समजावून सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून वाट मीच आखली. एका रद्दी कागदावर चांद्याचा परकोट काढला, त्याचे दरवाजे काढले आणि बघायच्या इमारतींवर आकडे टाकले. जटपुरा दरवाज्यापासून सुरुवात, मग साहेबलोकांचे बंगले, रेल्वेची घरं, नंतर बाजाराच्या बाजूनं पैसेवाल्यांनी बांधलेली नवी घरं, आणि शेवटी आमच्याच कचेरीनं नकाशा केलेली धर्मशाळा. कागद घडी घालताना मनात आलं की बाईलाही न्यावं. स्लॅबखाली इतकी माणसं खातात-पितात, निजतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं की तिचं भेव जाईल. ती रोज शेतात राबणारी, चालण्याला घाबरणारी नव्हती. बसत-उठत जाऊ, मी म्हटलं. फाल्गुनातला रविवार होता. सकाळी चहा घेऊन आम्ही निघालो.

बंगले तिला आवडले. इंग्रजांच्या वेळचे, कवेलूच्या उंच कौलारू छपराचे, भोवती कमानींची पडवी. कमान कशी भार घेते ते मी सांगत होतो आणि ती छपराखालचं सागाचं लाकूड निरखत होती. रेल्वेची घरं लाल विटांची, एकासारखी एक, दारांवर आकडे लिहिलेले. एका घरातल्या गृहिणीनं तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं. तिथंवर सगळं ठीक होतं.

मग आम्ही बाजाराच्या अंगाला आलो. तिथं एका कापडवाल्याचं दुमजली घर मुंबईहून मागवलेल्या नकाशावर बांधलेलं होतं. त्याचा कोपरा काटकोनात नव्हता, गोल वळवलेला होता. गॅलरीही तशीच गोल, तिच्यावर सिमेंटच्या तीन आडव्या पट्ट्या, जाळीत उगवत्या सूर्याची किरणं. मला ते घर फार आवडायचं. बाई म्हणाली, धानाच्या ढोलीसारखं दिसते. खरंच, बांबूच्या ढोलीला शेणमातीनं लिंपल्यावर जसा गोलवा येतो तसाच तो होता. तिथून दोन गल्ल्या सोडून एका डॉक्टरांचं घर. ते याच्या अगदी उलट: नक्षी नाही, गोलाई नाही, काडेपेटी उभी केल्यासारखं सरळ, खिडक्यांवर पातळ छज्जे. दोन्ही घरं पाच-सहा वर्षांच्या आतली, दोन्ही सिमेंटचीच, आणि एकमेकांशी बोलणं तुटल्यासारखी. मी वहीत दोन्हींची चित्रं काढली. बाई माझ्या मागे उभी राहून पाहत होती.

तिनं विचारलं, वरचं छत पडत कसं नाही. मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो की काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, म्हणून जिथं ताण येतो तिथं पोटात लोखंडी सळ्या घालतात. साध्या स्लॅबमधे सळ्या खाली, आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्ज्यामधे वर.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लाकूड पडायच्या आधी बोलते. कडकड करते, मानूस उठून पळते. हे तं बोलतच नाई. मले त्याचंच भेव वाटते."

मी हसलो. त्या हसण्याची मला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

धर्मशाळेपाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं बांधलेली ही इमारत. सगळं आयुष्य साग विकण्यात गेलेलं, पण धर्मशाळा मात्र त्याला सिमेंटचीच हवी होती. तिच्या दारावर सात फूट बाहेर आलेला मोठा छज्जा होता आणि त्याच्याखाली एकही खांब नव्हता. व्यापाऱ्याचा आग्रहच तसा होता, की लोकांनी थांबून बघावं. खालचा आधार काढून आठच दिवस झाले होते आणि वरच्या मजल्याचं काम अजून चाललं होतं. पण लोक यायलाही लागले होते. छज्ज्याच्या सावलीत एक म्हातारा-म्हातारी गाठोडं उशाला घेऊन टेकली होती, आणि मोळी विकायला आलेल्या दोघी बसल्या होत्या. बाई दमली होती. पायरीवर बसली, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले. सबंध सकाळीत पहिल्यांदाच ती सिमेंटच्या छताखाली आपणहून बसली होती. मला बरं वाटलं. वरून बघून येतो म्हणून मी जिना चढलो.

वरच्या खिडकीला अजून चौकट बसायची होती. मी वाकून छज्ज्याच्या पाठीवर पाहिलं. कठड्यासाठी आणलेल्या विटा तिथं कंबरभर रचून ठेवल्या होत्या. आणि छज्जा जिथं भिंतीतून बाहेर पडतो तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक भेग गेली होती.

ती वरवरची तडकण नव्हती. मी हात लांबवून नख घातलं, ते आत गेलं. त्याच भेगेच्या बरोबर खाली बाई पैंजणांचे पाय लांब करून बसली होती.

आणि त्याच क्षणी मला कचेरीतला तो नकाशा आठवला. या छज्ज्याचा छेद, म्हणजे उभा कापून आतून दिसेल तसा आकार, मी शाईनं उतरवला होता आणि उतरवताना सवयीनं सळ्या खालच्या बाजूला दाखवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, तेव्हा ब्लेडनं खरवडून सळ्या वर काढल्या आणि नवी प्रत केली. पण चुकीच्या कापडावरून त्याआधी एक प्रत निघाली होती. ती मी फाडली होती. फाडली होती ना? फाडल्याचं आठवत होतं. पण फाडली ती चुकीचीच होती का, हे आठवेना.  हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, ओरडलो आणि सगळे एकदम दचकून उठले, कोणी हिसका दिला, तर? जिना उतरताना मी पाय हळू टाकत होतो, जणू माझ्या पावलानं ते खाली येणार होतं.

दारातून बाहेर न येता मी आतूनच म्हटलं, "बाई, उठ. इकडे ये."

"काऊन? आत्ताच तं बसली."

"उठ म्हणतो ना."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता एक हात पोटाला, एक भिंतीला लावून उठायला लागली. सातव्या महिन्यातली गर्भारशीण उठते तेवढ्याच वेळात ती उठली, पण मला तो वेळ संपेना. मी तिला बाजूच्या दारानं बाहेर लिंबाखाली नेऊन उभं केलं आणि परत आलो. म्हाताऱ्याला म्हटलं, इथून उठा, वरचं पडू शकतं. तो म्हणाला, नवी धर्मशाळा हाय, काऊन पडन? मोळीवाल्या दोघी माझ्याकडे पाहून हसल्या. चौकीदार धावत आला आणि मलाच दटावू लागला. तेवढ्यात मी मागे सरून पाहिलं तर वर दोन मजूर विटांची पाटी घेऊन खिडकीतून छज्ज्यावर उतरायच्या बेतात होते.

काय सुचलं कोण जाणे, मी ओरडलो, "आग्या मोहोळ उठलं!"

आमच्या जंगलाच्या मुलखात वाघापेक्षा लोक त्या माश्यांना भितात. म्हातारा गाठोडं टाकून पळाला, म्हातारी त्याच्या आधी. मोळीवाल्यांनी डोक्यावर पदर घेतले आणि रस्ता ओलांडला. चौकीदार तर दिसेनासाच झाला. वरचे मजूर पाटी आतच टाकून मागे सरकले. छज्ज्याखालची जागा रिकामी झाली. तिथं फक्त बाईच्या वहाणा राहिल्या होत्या.

चौकीदार परतल्यावर मी त्याला खरं सांगितलं आणि कोणालाही तिथं फिरकू देऊ नको म्हटलं. लबाडी केल्याबद्दल त्यानं मला शिव्या दिल्या, पण वर जाऊन भेग पाहिल्यावर स्वतःच दारापुढे बाज आडवी टाकली. मी टांगा करून बाईला खोलीवर सोडलं आणि तसाच साहेबांच्या घरी गेलो. ते जेवायला बसले होते. मी भेगेबद्दल सांगितलं तसे ते ताटावरून उठले. सायकलवर त्यांच्या मागे बसून मी परत आलो. साहेबांनी वरून पाहिलं, मिस्त्रीला बोलावून आणा म्हणाले आणि व्यापाऱ्याच्या आडतीवरून सागाच्या बल्ल्या, टेकूसाठीचे जाड सोट, मागवल्या.

बल्ल्या आल्या. आता त्या छज्ज्याखाली जाऊन उभ्या करायला कोणीतरी आत जायला हवं होतं. मिस्त्री सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा माणूस होता. त्यानं मजुरांकडे पाहिलं. मजूर जमिनीकडे पाहत होते. त्यांचं बरोबरच होतं. मिस्त्री एकटाच हातोडा आणि पाचरी घेऊन पुढे झाला. मी मागोमाग गेलो. शूर म्हणून नव्हे. ती फाडलेली प्रत माझ्या डोक्यातून जात नव्हती. हा माणूस माझ्या रेघेखाली मेला तर, एवढंच मला दिसत होतं.

मी बल्ली दोन्ही हातांनी उभी धरायची आणि त्यानं तिच्या तळाशी पाचर ठोकायची. प्रत्येक ठोक्याला वरून बारीक चुरा माझ्या मानेवर पडत होता. मी वर बघत नव्हतो. मी मान आकसली की बल्लीही हलत होती. मिस्त्री एकदाच बोलला, सीधा पकडो. पहिल्या बल्लीनं भार घेतला तेव्हा लाकूड करकरलं. दुसरी, तिसरी, चौथी. सहावी बसल्यावर त्यानं मला खांद्याला धरून बाहेर ढकललं. बाहेर येऊन मी मानेवरचा चुरा झटकला. मग मजुरांनी शिड्या लावून विटा एकेक करून आत घेतल्या.

सोमवारी मी साहेबांच्या आधी कचेरीत गेलो. कापडाची गुंडाळी उघडली. सळ्या वर होत्या; खालच्या जागी ब्लेडनं खरवडलेला पांढुरका डाग होता. साहेब आल्यावर त्यांच्यापुढे ते कापड ठेवलं आणि सगळं सांगितलं, कोणती प्रत गेली ते मला ठाऊक नाही हेही. कामावरची प्रत सिमेंटच्या पाण्यात भिजून केव्हाच गेली होती, तेव्हा आता ते कळायला मार्गच नव्हता.

छज्जा फोडला त्या दिवशी आम्ही तिथं होतो. सळ्या छज्ज्याच्या जाडीच्या मध्याच्याही खाली निघाल्या. साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, कागद पाहिला होता का. तो म्हणाला, पाहिला होता, पण सळी खालीच असते ना, सगळीकडे मी खालीच टाकत आलो. साहेबांनी उघडी पडलेली सळी बोटानं चाचपली. मग आम्हा दोघांनाही म्हणाले, "काँक्रीटचा माल टाकायच्या दिवशी मला ताप होता, म्हणून मी सळ्या तपासायला आलो नाही. व्यापाऱ्याला मी तेच सांगणार." आणि त्यांनी तेच सांगितलं. माझं किंवा मिस्त्रीचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यानंतर कचेरीतून त्यांच्या सहीशिवाय एकही प्रत बाहेर गेली नाही. दोष कोणाचा होता ते मला आजही सांगता येत नाही.

नागपूरच्या मुलाखतीला मी त्या वर्षी गेलो नाही. कागदावर रेघ मारताना हात थांबायचा. रस्त्यानं जाताना मी प्रत्येक छज्ज्याच्या मुळाशी पाहायचो, सावली सोडून उन्हातून चालायचो. कापडवाल्याच्या त्या गोल गॅलरीखालूनही मला जाववत नसे.

बाईला मी चार दिवस काही बोललो नव्हतो. मग सांगितलं. वाटलं, आता ही गावाला जायचंच म्हणणार. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटून म्हणाली, तुझ्या तोंडावरूनच मले समजलं होतं. थोड्या वेळानं म्हणाली, दवाखान्याचं छत तू सोता पाहून ये.

मी गेलो. तिथल्या मोठ्या नर्सबाईंना विचारून गच्चीवर गेलो, चारही कडा वाकून पाहिल्या. खाली येऊन वॉर्डाचे कोपरे पाहिले, भिंतीला छत जिथं मिळतं तिथली रेघ न् रेघ पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तेच केलं. परत येऊन बाईला सांगितलं की चारही बाजूंनी भिंत आहे, बाहेर लोंबकळणारं काही नाही, भेग कुठं दिसली नाही.

"तुले किती समजते?" तिनं विचारलं.

"थोडंच," मी म्हटलं.

 "मंग जातो मी दवाखान्यात," ती म्हणाली.

वैशाखात, भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. तिला आत नेलं तेव्हा दार लागेपर्यंत ती वरच पाहत होती. मी व्हरांड्यात बसलो. आतून आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की मला जास्त भीती वाटायची. मी व्हरांड्याचं छत कितीदा पाहिलं त्याला गणती नाही. आधीच्या दोन्ही वेळी मूल रडलंच नव्हतं, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं होतं, म्हणून मी फक्त त्या एका आवाजाची वाट पाहत होतो. ऊन कलल्यावर तो आला. नर्सबाईंनी दार उघडून सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

बाई दहा दिवस त्या वॉर्डात राहिली. मी भेटायला गेलो की ती कुशीवर असायची, मुलीवर हात आडवा ठेवून, जणू वरून काही आलं तर आधी आपल्या हातावर यावं. घाबरू नको असं मी तिला म्हटलं नाही. मी नुसता खाटेजवळ बसायचो.

मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर तिचा नवरा न्यायला आला. पावसाच्या आधी पोचायचं होतं. मी गडचिरोलीपर्यंत मोटारीनं सोबत गेलो. पुढे गावची बंडी आली होती, तिच्यात धानाचं तणस जाड अंथरलेलं. बाई मुलीला घेऊन चढली, लुगड्याचा पदर दोघींवरून ओढून घेतला. जाताना म्हणाली, औंदा नाई गेला तं नाई, पुढच्या साली त्या नागपूरच्या मुलाखतीले जाशील. मी हो म्हटलं. बंडी नाल्यापलीकडे जाईपर्यंत मी उभा होतो. मग परतीच्या मोटारीची वेळ झाली म्हणून वळलो.